चमचाभर आणि फुलपात्रभर

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी एकदा ६० ग्रॅम ड्राय कॅट फूड मोजलं. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसभरात साधारण एवढे दाणे पुरतात. पाकिटावर ओलाव्याचं प्रमाण लिहिलं होतं आठ टक्के. म्हणजे त्या सगळ्या दाण्यांत मिळून पाणी होतं पाच मिलिलिटर, चहाचा एक चमचा. मग तेवढीच ऊर्जा वेट फूडमधून द्यायची तर किती लागेल याचा हिशेब केला. ८५ ग्रॅमचे तीन पाऊच. त्यात ८० टक्के पाणी, म्हणजे २०० मिलिलिटर. आपलं नेहमीचं स्टीलचं फुलपात्र भरेल एवढं.

ड्राय द्यावं की वेट, असं मांजर पाळणारे एकमेकांना सारखे विचारत असतात. बोलणं बहुधा चवीवर, किमतीवर, नाहीतर कुठल्या कंपनीचं चांगलं यावर येऊन थांबतं. हे मुद्दे खोटे नाहीत. पण आधी हा चमचा आणि हे फुलपात्र शेजारी शेजारी ठेवून पाहावं असं मला मनापासून वाटतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला पाणीही साधारण तेवढंच, २०० मिलिलिटरच्या आसपास लागतं. वेट खाणाऱ्या मांजराला ते ताटातूनच मिळालेलं असतं. ड्राय खाणाऱ्या मांजराला ते जवळजवळ सगळं वाटीतून प्यावं लागतं. आणि पाणी पिण्याच्या बाबतीत मांजर फार आळशी आहे.

हा आळस त्याच्या रक्तात आला तो वाळवंटातून. जगभरच्या घरांत वावरणारं मांजर ‘फेलिस लायबिका’ या रानमांजराच्या वंशातलं. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातला कोरडा, रखरखीत मुलूख हे त्याचं मूळ घर. याच जातीची ठिपकेदार, वाळूच्या रंगाची एक शाखा आपल्याकडे कच्छ आणि थरच्या वाळवंटात आजही राहते. अशा मुलखात पाणवठा रोज सापडत नाही, उंदीर मात्र सापडतो. आणि उंदराच्या अंगात दोनतृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. दिवसाला आठ-दहा उंदीर मारून खाणाऱ्या प्राण्याला वेगळं पाणी शोधत हिंडायची गरज कमीच पडते. मग तहान लागण्याची यंत्रणा मंद राहिली आणि मूत्रपिंडं मात्र विलक्षण ताकदीची झाली. माणसाची मूत्रपिंडं लघवी जेवढी घट्ट करू शकतात त्याच्या दुपटीहून जास्त घट्ट ती मांजराची करतात. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर मांजरांना समुद्राचं पाणी प्यायला दिलं होतं आणि त्यांनी त्यावर निभावून नेलं. आपण ते प्यायलो तर तहान भागायच्या ऐवजी अंगातलंच पाणी जाईल.

ताकदीची मूत्रपिंडं आहेत म्हणून मांजर लगेच आजारी पडत नाही, आणि म्हणूनच आपल्या काही लक्षात येत नाही. ड्राय खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं हे खरं. पण खाण्यातलं आणि पिण्यातलं पाणी एकत्र मोजलं, की त्याची बेरीज वेट खाणाऱ्यापेक्षा कमी भरते. हे पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं गेलं आहे. कमी पाणी आत गेलं की थोडी, घट्ट लघवी तयार होते आणि ती मूत्राशयात बराच वेळ साचून राहते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं.

आमचा भुऱ्या तेव्हा पाच वर्षांचा होता. राखाडी, पोटाशी पांढरा, वजन साडेसहा किलो. त्याचा वाडगा मी कधी रिकामा ठेवत नसे. सकाळी कामाला जाताना काठोकाठ भरायचा, संध्याकाळी परत भर घालायची. जिथून खाऊ घ्यायचे त्या दुकानदारानं सांगितलं होतं, की या दाण्यांत सगळं काही असतं, दुसरं काही द्यायला नको. मे महिन्यातल्या एका रात्री भुऱ्या सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, जोर करायचा, वाळू उकरायचा, बाहेर येऊन खालचा भाग चाटायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा आत. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. असं वाटणं फार सर्वसामान्य आहे आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. पहाटे तो उलटी करून कोपऱ्यात पडून राहिला तेव्हा त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, “शी नाही, लघवी तुंबली आहे. मूत्राशय मोसंब्यासारखं टणक झालंय. तुम्ही आणखी काही तास थांबला असता तर कठीण होतं.”

बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. भाटीचा आखूड आणि रुंद. त्यामुळे लघवी पूर्ण अडकण्याचं संकट प्रामुख्यानं बोक्यांवर येतं. बारीक खडे, स्फटिक आणि मूत्राशयातून सुटलेला चिकट पदार्थ यांचं मिळून बूच तयार होतं आणि वाट बंद होते. लघवी बाहेर पडली नाही की पोटॅशियम रक्तात साचत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून बोका वारंवार बसतोय आणि थेंबच पडतोय किंवा तोही पडत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नये. पोट दाबूनही पाहू नये. भुऱ्याला भूल देऊन नळी घातली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं, आणि तो वाचला.

या एका घटनेवरून ड्राय फूडला दोषी ठरवणं बरोबर होणार नाही, आणि डॉक्टरांनीही ते ठरवलं नाही. मांजराच्या मूत्राशयाला सूज येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे असा आजार, ज्यात जंतू सापडत नाहीत आणि बहुतेकदा खडाही सापडत नाही. त्यात ताणाचा वाटा मोठा असतो. घरात नवं मांजर येणं, घर बदलणं, दिवाळीचे फटाके, एवढंही पुरतं. जास्त वजन, घरात कोंडून राहणं, हालचाल नसणं हेही त्यात मिसळतं. पण ओलाव्याचा फरक पडतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा आजार होऊन गेलेल्या मांजरांना एकाच प्रकारचं औषधी खाणं दोन रूपांत दिलं होतं, काहींना डब्यातलं ओलं, काहींना कोरडं. वर्षभरात कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना. मांजरांची संख्या फार नव्हती, पण एवढी तफावत मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

खड्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात मांजरांच्या मूत्राशयात सापडणारे खडे बहुतांश स्ट्रुव्हाइटचे असत, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे. कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी योजना केली. स्ट्रुव्हाइट कमी झाले. मग कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले, आणि हे खडे कुठल्याही खाण्यानं विरघळत नाहीत, बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जगभरातून पाठवलेले खडे तपासले जातात, तिथल्या नोंदींत हा पालट स्पष्ट दिसला. एका क्षारावर बोट ठेवून औषध केलं की दुसरा डोकं वर काढतो. पाणी वाढवलं की मात्र दोन्ही प्रकारचे क्षार पातळ होतात. म्हणून खडा कुठलाही असो, पशुवैद्यांचा सल्ला पाण्यापासून सुरू होतो.

मग ड्राय फूड आलं कुठून आणि एवढं पसरलं कसं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्रा लष्कराला लागू लागला, प्राण्यांच्या खाण्यासाठी डबे मिळेनासे झाले आणि कंपन्या कोरड्या मालाकडे वळल्या. पुढे १९५७ मध्ये प्युरिना कंपनीनं कुत्र्यांसाठी फुगीर दाणे बाजारात आणले. नाश्त्याचं सीरिअल बनवायचं यंत्र त्यांनी यासाठी वापरलं होतं. मांसाची भुकटी, धान्याचं पीठ, पाणी आणि वाफ एकत्र करून तो गोळा प्रचंड दाबाखाली साच्यातून बाहेर ढकलायचा. बाहेर येताक्षणी दाब उतरतो आणि गोळा फुगतो. आपल्याकडे पाकिटात मिळणारे मक्याचे कुरकुरीत फुगीर पदार्थ अशाच यंत्रातून निघतात. फुगलेला दाणा वाळवतात आणि वरून चरबी आणि मांसाच्या अर्काचा मुलामा देतात. मांजर ज्या वासावर झडप घालतं तो या मुलाम्याचा.

या कृतीत एक अट दडलेली आहे. पिष्टमय पदार्थ असल्याशिवाय दाणा फुगत नाही आणि एकत्र धरूनही राहत नाही. त्यामुळे कुठल्याही ड्राय फूडमध्ये बऱ्यापैकी कर्बोदकं असतातच, बहुधा २५ ते ४० टक्के. ‘धान्यविरहित’ असं ठळक छापलेल्या पाकिटातही वाटाणा किंवा बटाटा असतो, आणि पिष्ट ते पिष्टच. उंदरात ते नावापुरतं असतं. मांजराला गोड चवच कळत नाही. गोडाची जाण देणाऱ्या जनुकांपैकी एक त्याच्यात मोडलेलं आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तरीही शिजवलेलं पिष्ट निरोगी मांजर पचवू शकतं, म्हणून ड्राय फूडला विष म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाखो मांजरं त्यावर पंधरा-सोळा वर्षं धडधाकट जगली आहेत.

दाण्यांचा खरा धोका मला त्यांच्या सोयीत दिसतो. दाणा वाडग्यात दिवसभर राहू शकतो, म्हणून आपण तो दिवसभर ठेवतो. एका ग्रॅममध्ये साधारण पावणेचार कॅलरी असतात, म्हणजे वेट फूडच्या चौपट. दहा ग्रॅम जास्त पडले तर हाताला कळतही नाही, पण चार किलोच्या मांजराच्या बाबतीत तो दिवसाच्या खुराकाचा सहावा हिस्सा झाला. त्यात नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज २०-३० टक्क्यांनी उतरते आणि भूक वाढते. भुऱ्या साडेसहा किलोचा झाला तो असा. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त. आणि मधुमेह झालेल्या काही मांजरांना इन्सुलिनच्या जोडीनं कमी कर्बोदकांचं वेट फूड दिलं, तर पुढे इन्सुलिन बंदही करता येतं. पण इन्सुलिन चालू असताना खाणं परस्पर बदलू नये. साखर अचानक इतकी उतरू शकते की मांजर बेशुद्ध पडतं.

माझ्या आईला हे सगळं अतिरेकाचं वाटतं. ती गुहागरजवळच्या घरात वाढली. “अगं, आमच्याकडची मांजरं दूध-भात खाऊन जगली. त्यांना कुणी काट्यावर मोजून घातलं?” असं ती विचारते, आणि तिचा प्रश्न योग्य आहे. त्या घरात भाताची कणगी होती, माळा होता, गोठा होता. मांजरीला सकाळी दूध-भात मिळायचा आणि रात्री ती आपला खरा स्वयंपाक स्वतः करायची. उंदीर, सरडे, टोळ, एखादा पक्षी. त्यात मांस, हाडं, काळीज, पाणी सगळं आलं. मासे साफ करताना आतडी, डोकी तिच्याकडे जायची ती वेगळीच. शिवाय मांजरं तेव्हा किती वर्षं जगत हे कुणी मोजत नसे. एक दिसेनाशी झाली की दुसरी यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये दूध-भातच राहतो, उंदीर नाही. आपण वाटीत जे घालू तेच मांजराचं सगळं जग. आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, दुधातली साखर पचवणारं विकर त्यांच्यात उरलेलं नसतं.

घरचं खाणं हे तिसरं दालन या वादात नेहमी राहून जातं. ते ओलं असतं, ताजं असतं, स्वस्तही असतं. पण मांजर पक्कं मांसाहारी आहे आणि त्याच्या गरजा नुसत्या मांसानंही भागत नाहीत. टॉरिन नावाचं एक द्रव्य घ्या. कुत्र्याचं आणि माणसाचं शरीर ते बरंचसं स्वतः बनवतं, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. १९७५ साली असं दिसून आलं, की केसीन या दुधातल्या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांत टॉरिन कमी पडून डोळ्यांतला पडदा खराब होत गेला. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली. हृदय ढिलं पडून, फुगून मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते खाण्यातून दिल्यावर हृदय पूर्ववत होत होतं. ही मांजरं बाजारातलं खाणंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेतल्या मानकात कोरड्या खाण्यात कमीत कमी ०.१ टक्का टॉरिन मागितलं जातं, डब्यातल्या ओल्या खाण्यात मात्र दुप्पट, ०.२ टक्के, दोन्ही कोरड्या वजनावर. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेमुळे अन्नात असे बदल होतात की आतड्यातले जीवाणू टॉरिन जास्त खातात, म्हणून ही भरपाई. विटामिन अ गाजरातून बनवणं मांजराला जमत नाही, ते तयारच मिळावं लागतं. आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल नसलेलं एक जेवणही मांजराच्या रक्तात काही तासांत अमोनिया वाढवतं.

आता आपल्या घरच्या पातेल्याकडे पाहू. उकडलेलं चिकन मांजरांना आवडतं, पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. पिल्लाला महिनोन्महिने तेवढंच दिलं तर हाडं मऊ पडतात, उडी मारताना मोडतात. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून चिकन उकडलेलं पाणी फेकलं तर तेही गेलं. रोज काळीज दिलं तर विटामिन अ इतकं साचतं की मानेचे मणके एकमेकांना जुळून जखडतात. तेलकट मासे रोज भरपूर दिले तर विटामिन ई कमी पडून अंगातली चरबी सुजते. काही मासे कच्चे दिले तर त्यांतलं विकर बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. खारवलेल्या माशात मीठ फार. आणि ज्या रश्शात कांदा-लसूण पडलं तो तर देऊच नये, कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बिनमिठाचा, उकडून काटे काढलेला बांगड्याचा तुकडा आठवड्यातून एकदा-दोनदा, कौतुकाचा घास म्हणून, जरूर द्यावा. मासळी बाजारात कोळणीच्या पाटीशी बसून राहणारी मांजरं पाहिली की त्यांना तो नाकारणं कुणालाही जमणार नाही.

शाकाहारी घरांची अडचण वेगळी आहे, आणि ती मी आदरानं सांगते. पुण्यात माझ्या ओळखीच्या एका घरात अंडंसुद्धा येत नाही. जिन्यात सापडलेलं पिल्लू मात्र आलं आणि राहिलं. काकूंनी दाण्यांचं पाकीट चालवून घेतलं, कारण दाणा हा दाण्यासारखा दिसतो. पाऊच फाडताना येणारा वास आणि ग्रेव्हीतले तुकडे त्यांना सोसवत नाहीत. अशा घरात ड्राय फूड नसतं तर ते पिल्लू जिन्यातच राहिलं असतं. मग तिथे पाण्याचा मार्ग काढायचा. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी, रोज बदललेलं पाणी, आणि जमलं तर दाण्यांवर कोमट पाणी. भिजवलेले दाणे सगळी मांजरं खात नाहीत, पण त्यांच्या मनीनं खाल्ले. मांजराला शाकाहारी करण्याचा विचार मात्र त्या घरानंही केला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेट फूड म्हणजे शुद्ध मांस, असंही नाही. जेली आणि ग्रेव्ही घट्ट करायला बहुधा गवार गम वापरतात, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांची भुकटी. ती जगात सर्वांत जास्त भारतात, त्यातही राजस्थानात होते. ती निरुपद्रवी आहे. पण ‘तुकड्यां’सारखे दिसणारे तुकडे कित्येकदा गव्हाच्या ग्लुटेनचे बनवलेले असतात. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत अनेक नामांकित ब्रँडचे डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवावे लागले. चीनमधून आलेल्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचं प्रमाण फुगवून दाखवण्यासाठी मेलामाइन मिसळलं होतं, आणि मांजरं-कुत्री मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. पाणी भरपूर असलेल्या त्या खाण्यानंच मूत्रपिंडं घेतली.

म्हणून लेबल वाचायला शिकावं. दोन गोष्टी पुरतात. पहिली, ‘संपूर्ण’ आहार की ‘पूरक’. हे बारीक इंग्रजी अक्षरांत, ‘कम्प्लीट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ असं लिहिलेलं असतं. चाटायला देतात त्या क्रीमच्या नळ्या आणि नुसते टूना-चिकनचे धागे असलेले बरेचसे डबे पूरक असतात. ते लाडासाठी ठीक, जेवण म्हणून नाही. दुसरी गोष्ट प्रथिनांची तुलना. पाऊचवर १० टक्के प्रथिनं आणि दाण्यांच्या पाकिटावर ३२ टक्के पाहून लोक दाणे उचलतात. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे. पाणी वगळलं तर उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिनं, म्हणजे ५० टक्के. दाण्यांत आठ टक्के पाणी वगळलं तर ३२ चे होतात ३५. पाणी बाजूला काढल्याशिवाय दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. दाण्यांतली कर्बोदकं छापलेली नसतात, पण १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राखेचे सातेक टक्के वजा केले की उरतात ती तीच.

दाण्यांनी दात साफ होतात, हा समज काढून टाकावा. मांजर दाणा दळत नाही, कडाक्‌ करून एकदा फोडतं किंवा अख्खा गिळतं. दाढेच्या मुळापर्यंत काही पोचत नाही. दातांसाठी खास बनवलेले मोठे, तंतुमय दाणे असतात, त्यांची गोष्ट वेगळी. बाकी ब्रशच.

आपलं हवामानही या निवडीत बोलतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात उघडं ठेवलेलं वेट फूड तासाभरात उचलावं, नाहीतर माशी बसते आणि ते आंबतं. उरलेला पाऊच फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस राहतो, पण गार खाणं मांजर हुंगून निघून जातं. मांजराची भूक नाकात असते. पाऊच कोमट पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं धरला की वास सुटतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळा दाण्यांच्या मुळावर येतो. दमट हवेत वरचा चरबीचा मुलामा खवट होतो, कधी बुरशी धरते. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण एका मांजरासाठी सात किलोची पिशवी घेऊ नये. महिन्याभरात संपेल एवढंच आणावं आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. लाल मुंग्यांसाठी आपली जुनी युक्ती आहेच, ताटलीत पाणी घालून मधोमध वाटी.

राहिली किंमत. साधारण ४५ रुपयांचा पाऊच धरला तर तीन पाऊचचे महिन्याला चार हजार होतात. ५०० रुपये किलोचे दाणे ६० ग्रॅमच्या हिशेबानं महिन्याला नऊशेत बसतात. दोन-तीन मांजरं असतील किंवा सोसायटीतल्या भटक्यांनाही कुणी जेवू घालत असेल, तर निव्वळ वेट फूड परवडणारच नाही, आणि त्यासाठी कुणी मनाला लावून घेऊ नये. माझं मत असं, की निरोगी मांजराला दोन्ही द्यावं, आणि निम्म्याच्या खाली वेटचा वाटा जाऊ देऊ नये. लघवीचा त्रास होऊन गेलेल्या बोक्याला, मूत्रपिंडं कमजोर झालेल्या म्हाताऱ्या मांजराला वेटकडे जास्तीत जास्त झुकवावं, खाण्याचा प्रकार डॉक्टरांना विचारून. पिल्लू घरी आलं की पहिल्या काही महिन्यांतच त्याला दोन्हींची चव लावावी. त्या वयात जे तोंडाला लागतं तेच मांजर जन्मभर अन्न मानतं. दहा वर्षं फक्त दाणे खाल्लेल्या मांजरासमोर अचानक ग्रेव्ही ठेवली तर ते तिच्याकडे पाहणारही नाही.

तेव्हा हट्टाला पेटू नये. ‘भूक लागली की खाईल’ हे मुलांच्या बाबतीत खरं असेल, मांजराच्या बाबतीत ते घातक आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी भरत जाते आणि यकृत काम सोडतं. बदल आठ-दहा दिवसांत, कधी महिन्यात, चमच्या-चमच्यानं करावा.

भुऱ्याला तीन आठवडे लागले. आधी दाण्यांशेजारी बोटभर ग्रेव्ही. तो दाणे खायचा आणि ग्रेव्हीवर पंजा मारून माती टाकल्यासारखं करायचा. मग दाण्यांवर दोन थेंब. मग मी एक दिवस पाऊच गरम केला आणि त्यानं बशी चाटली. आता सकाळी आणि संध्याकाळी मिळून दीड-दोन पाऊच, मधल्या वेळी काट्यावर मोजलेले २५ ग्रॅम दाणे. रिकाम्या पाऊचमध्ये तीन-चार चमचे कोमट पाणी घालून, आमटीचं भांडं विसळतो तसं विसळून, तेही मी बशीत ओतते. त्याचं वजन दीड वर्षात पाच किलोवर आलं.

रोज सकाळी लिटर बॉक्स साफ करताना मी लघवीनं झालेले वाळूचे गोळे मोजते. पूर्वी दिवसाला दोन असायचे, लिंबाएवढे. आता ते बटाट्याएवढे असतात. आज तीन निघाले.